कोडलेखनाचे सामाईक नियम ठरवा : ग्रंथालय प्रणालीच्या देखभाल मंडळाला खुले पत्र

देखभाल मंडळातील सर्व सहकाऱ्यांस,
सप्रेम नमस्कार.

कोड कसा मांडायचा, नावे कशी ठेवायची, मराठी मजकूर कसा साठवायचा, याचे सामाईक नियम करण्याचा प्रस्ताव आपण गेल्या बैठकीत बाजूला ठेवलात. ‘ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे लिहावे, कोड चालतो आहे ना, मग झाले’ असे इतिवृत्तात नोंदवले गेले आणि पुढे या विषयावर वेळ घालवू नये असेही ठरले. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. आम्ही म्हणजे या प्रणालीत नियमित कोड पाठवणारे, इतरांचा कोड तपासणारे आणि ती प्रत्यक्ष ग्रंथालयांत बसवून देणारे. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण प्रणाली कोणा एकाची नाही. ती वापरणारी सार्वजनिक ग्रंथालये, उद्या तिच्यात हात घालणारे विद्यार्थी आणि असेच सामाईक काम करणारे इतर मराठी गट यांचाही या प्रश्नाशी संबंध आहे.

शैलीवर वाद घालण्यात बैठकी वाया जातात, हे मंडळाचे म्हणणे खरे आहे. चार स्पेस की टॅब, एकेरी अवतरण की दुहेरी, यावर बोलत बसले की हाती काही लागत नाही. पण नियम न ठरवल्याने तो वाद थांबलेला नाही. तो प्रत्येक पुल रिक्वेस्टखाली (पाठवलेला बदल स्वीकारण्याच्या विनंतीखाली) तुकड्यातुकड्याने चालूच आहे आणि त्यात दर वेळी नवखा माणूस हरतो. कोणत्या फाइलमध्ये कोणाची पद्धत चालते, हे त्याला कुठेच लिहिलेले सापडत नाही.

आधी रोजचा त्रास. देवघेवीच्या फाइलमध्ये दंडाच्या हिशेबातली एक ओळ दुरुस्त करायची असते. दुरुस्त करणाऱ्याचा एडिटर फाइल जतन करताना ती आपल्या पद्धतीने मांडून घेतो आणि पुल रिक्वेस्टमध्ये सगळी फाइल बदललेली दिसते. सुट्टीचे दिवस दंडात धरायचे की नाही, हा खरा बदल त्या गर्दीत हुडकावा लागतो. तपासणारा एक तर वरवर पाहून मान्यता देतो, नाहीतर ‘फक्त तेवढीच ओळ पाठवा’ म्हणून परत पाठवतो. पुढे दुसऱ्या कुणाच्या एडिटरमधून तीच मांडणी पुन्हा उलटी फिरते. नंतर गिट ब्लेम (कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनातली, कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी सोय) काढले, तर दंडाच्या त्या ओळीवर मांडणी बदलणाऱ्याचे नाव निघते आणि हिशेब लिहिणारा सापडतच नाही.

यादीतल्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, ही बाब सर्वांत क्षुल्लक वाटेल. तो दिलेला असेल तर नवा घटक जोडताना एकच ओळ बदलते. दिलेला नसेल तर दोन बदलतात, आणि दोघांनी एकाच वेळी घटक जोडले तर स्वल्पविरामावरूनही मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणे) अडते. सेटिंगच्या लांब याद्यांत हे वारंवार होते.

ओळीच्या शेवटाचेही तसेच. काही जण विंडोजवर काम करतात, काही लिनक्सवर. विंडोजवरून आलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न (विंडोजचे ओळ संपल्याचे जादा चिन्ह) चिकटून राहतो. लिनक्स सर्व्हर मग त्या अदृश्य अक्षरासह पायथन शोधायला जातो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. स्क्रिप्ट रोजच्या बॅकअपची असेल, तर बॅकअप होत नाही आणि कुणाला कळतही नाही. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स (गिटने कोणती फाइल कशी हाताळावी ते सांगणाऱ्या) फाइलमधल्या दोन-तीन ओळींनी हा प्रश्न संपतो. त्या ओळी आजही आपल्या कोडच्या भांडारात (रिपॉझिटरीत) नाहीत.

मांडणी म्हणजे रंगरंगोटी, असे बैठकीत बोलले गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आपले फोन आणि संगणक यांसाठी तातडीने सुरक्षा-दुरुस्ती द्यावी लागली होती. सी भाषेतल्या एका फाइलमध्ये, महिरपी कंस नसलेल्या एका इफखाली (‘अट खरी असेल तरच’ या सूचनेखाली) ‘गोटू फेल’ (‘थेट फेल या टप्प्याकडे जा’) ही ओळ दोनदा आली होती. दुसरी ओळ इफच्या आत आहे असे मांडणीवरून वाटे. प्रत्यक्षात ती इफच्या बाहेर होती आणि दर वेळी चाले, त्यामुळे सर्व्हरच्या सहीची पडताळणीच वगळली जात होती. प्रत्येक इफला कंस हवाच, एवढा नियम पाळला असता तर ती जादा ओळ कंसाच्या आत निरुपद्रवी राहिली असती किंवा बाहेर ठळक दिसली असती. पुढे २०१६ साली जीसीसी ६ या सी भाषेच्या कंपायलरमध्ये फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोयच घातली गेली. आपल्या जावास्क्रिप्ट फाइलींत बिनकंसाचे इफ आजही ठिकठिकाणी आहेत.

पण आमची खरी तक्रार याहून मोठी आहे. आपल्या प्रणालीत पुस्तकांची नावे मराठी, सभासदांची नावे मराठी, शोध मराठीत. अशा कोडमध्ये ‘आपापली सवय’ थेट वाचकापर्यंत पोचते.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ या अक्षराला स्वतंत्र जागा आहे. तिथून टंकला तर या शब्दात सात युनिकोड चिन्हे येतात: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. काही फोनेटिक साधने आणि जुन्या फाँटांतून रूपांतरित केलेल्या याद्या हाच शब्द साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह वापरून लिहितात. तेव्हा चिन्हे आठ होतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणले की काम भागते, असा आपल्यातल्या काहींचा समज आहे. तो अपुरा आहे. र आणि नुक्ता अशी जोडी असेल तर एनएफसी तिचा ऱ करते. जॉइनरवाल्या रूपाला ती हात लावत नाही. ॲ चेही तेच: तो एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो, २००८ च्या युनिकोड ५.१ पासून तो आहे, आणि अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांतही लिहिता येतो. एनएफसी या दोघांना एक मानत नाही. आज नोंदणीच्या कोडमध्ये एनएफसी केली जाते, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची फाइल) आयातीच्या कोडमध्ये काहीच केले जात नाही, आणि शोधाच्या कोडमध्ये जॉइनर सरसकट काढून टाकला जातो. तीन जणांनी तीन ठिकाणी आपापल्या समजुतीने लिहिले. पुस्तक कपाटात आहे, नोंदही आहे, आणि शोधणाऱ्याला ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते.

अंकांची गत तशीच. मजकुराची संख्या करणाऱ्या पायथनच्या इंट फंक्शनला ‘४२’ हे देवनागरी अंक दिले तर ते बिनतक्रार बेचाळीस मानते. जावास्क्रिप्टचे पार्सइंट त्याच अंकांना ‘संख्या नाही’ म्हणते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुराचा नमुना जुळवण्याच्या सूत्रातले) अंकाचे चिन्ह पायथनमध्ये देवनागरी अंकांना जुळते, जावास्क्रिप्टमध्ये जुळत नाही. म्हणजे देवनागरीत टंकलेला दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट नाकारते, आणि आयातीतून तोच क्रमांक सर्व्हरवरचा पायथन निमूट स्वीकारतो. तो मजकूर म्हणून साठवला असेल, तर एकाच दाखल क्रमांकाच्या दोन नोंदी होऊ शकतात. दाखल नोंदवहीत असे होऊच नये, हे ग्रंथपालांना सांगायची गरज नाही.

शब्द तोडण्याच्या बाबतीत पायथनच्या मूळ ‘आरई’ या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मॉड्यूलमधले शब्दचिन्ह काना-मात्रा, हलन्त आणि अनुस्वार यांना शब्दाचा भाग धरत नाही. ‘ग्रंथ’ त्यातून ग, र, थ असा तीन तुकड्यांत बाहेर येतो. हे माहीत असलेल्यांनी वेगळे ‘रेजेक्स’ मॉड्यूल वापरले, इतरांनी वापरले नाही.

आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) न लिहिण्याची सवय. लिनक्सवर सहसा निभावून जाते. ग्रंथालयातल्या विंडोज संगणकावर पायथन यंत्राचे स्थानिक एन्कोडिंग धरतो आणि ते बहुधा सीपी १२५२ हे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे असते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकुराच्या रूढ एन्कोडिंगमध्ये, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आणि ऱ्हस्व उकाराचा ८१. सीपी १२५२ मध्ये हे दोन्ही बाइट रिकामे आहेत. म्हणून सभासदांची यादी वाचताना प्रोग्रॅम पहिल्याच जोडाक्षरापाशी किंवा उकारापाशी कोसळतो, त्याआधीचा मजकूर अगम्य चिन्हांत जातो तो वेगळाच. एन्कोडिंग स्पष्ट लिहिण्याचा नियम पायलिंट या पायथन कोड तपासणाऱ्या साधनात तयार आहे, डब्ल्यू १५१४ या क्रमांकाने. तो नुसता चालू करायचा आहे. सोबत एक अपवाद लिहून ठेवावा लागेल: एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्हीला सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची अदृश्य खूण) लागतो, नाहीतर देवनागरी बिघडते. तीच फाइल साध्या यूटीएफ-८ म्हणून परत वाचली, तर पहिल्या स्तंभाच्या नावाला तो अदृश्य बीओएम चिकटतो आणि ‘दाखल क्रमांक हा स्तंभ नाही’ अशी त्रुटी येते. अशा फाइली यूटीएफ-८-सिग या नावानेच लिहायच्या आणि वाचायच्या.

आता नावांबद्दल. ‘वर्गणी’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिताना आपल्या कोडमध्ये कुणी व्ही वापरला, कुणी डब्ल्यू. कुणी र नंतर जादा ए घातला, कुणी शेवटी एकच आय दिला, कुणी डबल ई. एका नावासाठी चार शोध घ्यावे लागतात आणि चारही घेतल्यावर पाचवे रूप निसटते. त्याहून गंभीर म्हणजे अर्थाची सरमिसळ. सभासद ग्रंथालयाला देतो ती वर्गणी, आणि ग्रंथालय मासिकांसाठी भरते तीही वर्गणी. एक जमा, दुसरी खर्च. इंग्रजी ‘सबस्क्रिप्शन’ वापरूनही सुटका नाही, तिथेही दोन्हींना तोच शब्द. अनामत परत करायची असते, म्हणजे ती ग्रंथालयाची देणी. वर्गणी हे उत्पन्न. कोडमध्ये दोन्हींना नुसते ‘रक्कम’ म्हटलेली ठिकाणे आहेत. ‘वर्ष’ या क्षेत्रात कुठे १ जानेवारीपासूनचे वर्ष आहे, कुठे १ एप्रिल ते ३१ मार्चचे. कुठे रक्कम पूर्ण पैशांत, कुठे दशांशासह रुपयांत. एकक नावात नसले, तर शंभरपट चूक एका ओळीच्या अंतरावर असते.

हे सगळे मंडळाला नवे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ‘कोड चालतो आहे’ हे उत्तर आम्हाला लागले.

जगात या प्रश्नावर रूढ उत्तरे आहेत. पायथनचे ‘पेप ८’ हे शैलीपत्रक २००१ पासून आहे. त्यात ७९ अक्षरांची ओळ सुचवली आहे, आणि संघाचे एकमत असेल तर ९९ पर्यंत मुभाही दिली आहे. आपल्या नियमांपेक्षाही प्रकल्पातली एकरूपता महत्त्वाची, असे ते स्वतःच सांगते. लिनक्स कर्नलमध्ये आठ अक्षरांचा टॅब ठरलेला आहे. तिथल्या तपासणी-साधनाने ओळीची मर्यादा २०२० साली ८० वरून १०० केली, आणि ती सर्वांसाठी एकदम बदलली. गो भाषेने तर मांडणी करणारे ‘गोफम्ट’ भाषेसोबतच दिले. त्याची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोफम्ट सर्वांना आवडते, असे त्या भाषेच्या निर्मात्यांपैकी रॉब पाइक म्हणतात. आम्हालाही ब्लॅक या पायथनच्या मांडणी-साधनाची ८८ अक्षरांची ओळ आणि दुहेरी अवतरणे मनापासून आवडतात असे नाही. तरी आम्ही ती आनंदाने स्वीकारू, कारण त्यानंतर त्यावर बोलावे लागणार नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. गेल्या बैठकीचा निर्णय मागे घ्यावा. भांडाराच्या मुळाशी नियमांची एकच फाइल ठेवावी, मराठीत, दोन पानांपेक्षा मोठी नको. यंत्राला तपासता येईल ते यंत्राकडे सोपवावे. फाइलमध्ये फक्त माणसाने लक्षात ठेवायचे नियम असावेत.

२. पायथनसाठी ब्लॅक किंवा रफ यांपैकी एक आणि जावास्क्रिप्टसाठी प्रेटिअर ही मांडणी-साधने, दोन्ही शक्य तितक्या मूळ सेटिंगवर. आवृत्ती नेमकी नोंदवावी. ब्लॅकची स्थिर शैली वर्षातून एकदा बदलू शकते. एकाकडे जुनी आणि दुसऱ्याकडे नवी आवृत्ती असेल, तर आज होतो तोच गोंधळ साधनांमुळे होईल. तीच आवृत्ती प्री-कमिटमध्ये (बदल नोंदवण्याआधीच्या तपासणीत) आणि सीआयमध्ये (पाठवलेल्या कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) चालावी. मांडणी चुकली असेल तर ते सीआयने सांगावे, तपासणाऱ्याने त्यावर शब्द खर्च करू नये. कंसाचा नियम मांडणी-साधनावर सोडू नये. त्यासाठी ईएसलिंट या जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या साधनाचा ‘कर्ली’ नियम चालू करावा.

३. एडिटरकॉन्फिग (सर्वांच्या एडिटरना एकच पद्धत सांगणारी) आणि गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या फाइली घालाव्यात: यूटीएफ-८, ओळीचा शेवट एलएफ (लिनक्सची पद्धत), पायथनला चार स्पेस, जावास्क्रिप्टला दोन. विंडोजच्या बॅच फाइली सीआरएलएफमध्येच (विंडोजच्या पद्धतीत) ठेवाव्यात. चित्रे बायनरी म्हणून नोंदवावीत. ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागा काढण्याच्या नियमातून मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या फाइली) वगळावे, कारण तिथे दोन स्पेस म्हणजे नवी ओळ.

४. मराठी मजकुरासाठी एकच मॉड्यूल. बाहेरून येणारा प्रत्येक मजकूर, मग तो फॉर्ममधून येवो, आयातीतून येवो की शोधपेटीतून, आधी त्यातून जावा. त्यात दोन फंक्शने असावीत. साठवायचे रूप: एनएफसी, त्यानंतर र-हलन्त-जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ-हलन्त, आणि अ-चंद्राच्या जागी ॲ. शोधायचे रूप: हे सगळे, शिवाय उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून, अंक एका लिपीत आणून. साठवणीतून जॉइनर सरसकट काढू नये, काही जोडाक्षरांचे दिसणे त्यावर अवलंबून असते. शब्द तोडणे आणि अंक वाचणेही याच मॉड्यूलमध्ये. इतरत्र कुणी ते स्वतः लिहिले, तर पुल रिक्वेस्ट परत जावी.

५. शब्दसूची. दाखल क्रमांक, देवघेव, सभासद वर्गणी, नियतकालिक वर्गणी, अनामत, दंड, आर्थिक वर्ष अशा प्रत्येक संकल्पनेसमोर कोडमधले एकच नाव आणि त्याचे एकच रोमन स्पेलिंग. रकमा पूर्णांक पैशांत आणि नावाच्या शेवटी ‘पैसे’. टिपणे मराठीत लिहायला हरकत नाही, पण देवनागरीत. रोमन अक्षरांतले मराठी टिपण शोधातही सापडत नाही आणि वाचायलाही जड जाते. टिपणांत स्तंभ जुळवत बसू नये, देवनागरी अक्षरे एकसारख्या रुंदीची नसतात.

हे अमलात आणताना काय बिघडू शकते, याचाही विचार केला आहे. जुना कोड हळूहळू, हात लागेल तशी फाइल, असा मांडू नये. त्याने फरकांची गर्दी वर्षभर रेंगाळते. एक तारीख ठरवावी, तोवर तयार असलेल्या पुल रिक्वेस्ट मर्ज कराव्यात आणि मग एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदलेल्या एका बदलात) सगळी पुनर्मांडणी करावी. त्या कमिटमध्ये हाताने केलेला एकही बदल नको. ओळींचे शेवट त्याआधी, वेगळ्या कमिटमध्ये, गिट अ‍ॅडच्या रीनॉर्मलाइझ पर्यायाने सुधारावेत. ब्लॅक मांडणीच्या आधीच्या आणि नंतरच्या कोडच्या वाक्यरचना-वृक्षांची तुलना स्वतः करतो, म्हणून वर्तन बदलण्याची भीती कमी. तरी आधी आणि नंतर सर्व चाचण्या चालवाव्यात.

पुनर्मांडणी केली की ब्लेममध्ये ओळींचा मूळ लेखक दिसणार नाही, असा आक्षेप आपण घेतला होता. गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ठरावीक कमिट वगळून ब्लेम पाहता येते. वगळायच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) एका फाइलमध्ये लिहायचा आणि प्रत्येकाने एकदा आपल्या गिट सेटिंगमध्ये त्या फाइलचे नाव द्यायचे. गिटहब ठरलेल्या नावाची अशी फाइल आपणहून वाचते. चूक होते ती इथे: पुनर्मांडणी स्क्वॉश करून (कमिट दाबून नवा एकच करून) मर्ज केली तर हॅश बदलतो आणि फाइलमधला जुना हॅश निरुपयोगी ठरतो. म्हणून हॅश मर्जनंतर, वेगळ्या कमिटने लिहावा.

ज्यांच्या ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळ्या काढलेल्या कामाच्या शाखा) अर्ध्यावर आहेत, त्यांनी पुनर्मांडणीच्या लगेच आधीचा कमिट आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करावा, मग तेच साधन त्याच आवृत्तीने आपल्या ब्रँचवर चालवून कमिट करावे, आणि शेवटी पुनर्मांडणीचा कमिट ‘अवर्स’ पद्धतीने (आपल्याच ब्रँचचा मजकूर कायम ठेवून) मर्ज करावा. हाताने एकही संघर्ष सोडवावा लागत नाही. पद्धत फक्त त्या एका कमिटसाठी वापरावी. त्यापुढच्या कमिटवर वापरली, तर इतरांचे काम गुपचूप नाहीसे होईल.

नियम बदलायची वाटही लिहिलेली असावी: प्रस्ताव पुल रिक्वेस्ट म्हणूनच यावा, १५ दिवस खुला राहावा, मग मंडळाने हो किंवा नाही सांगावे. मांडणी-साधनाची आवृत्ती वर्षातून एकदाच, तीही सर्वांना कळवून बदलावी.

हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा, ही विनंती. सेटिंगच्या फाइली, मराठी मजकुराचे मॉड्यूल, त्याच्या चाचण्या आणि शब्दसूचीचा पहिला मसुदा बैठकीआधी आम्ही करून देऊ. शब्दसूची मात्र फक्त कोड लिहिणाऱ्यांनी ठरवू नये. तिच्यावर किमान दोन ग्रंथपालांची नजर फिरावी आणि त्यांना बैठकीला बोलवावे.

आपले,
प्रणालीत कोड पाठवणारे, तपासणारे आणि ती बसवून देणारे सहकारी